दांडी ‘पी’वरच होती

माझा डावा पाय मी दोन वर्षांची असतानाच पोलिओने गेला. पायाला कॅलिपरचा लोखंडी आधार लावून, काठी घेऊन शिकले आणि शिक्षिका झाले. शाळा मिळाली ती घरापासून अकरा किलोमीटरवर. पंधरा वर्षं बसच्या पायऱ्या आणि रिक्षावाल्यांची मर्जी यांच्यावर काढली. दोन हजार सालानंतर नाशिकरोडच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला काढली, ती मी घेतली. तिला क्लच नव्हता. माझा उजवा पाय तिला पुरत होता.

त्या वेळी नाशकात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच. कुठल्याही गॅरेजमध्ये गेलं की मेकॅनिक बॉनेट उघडायचा, बघायचा आणि म्हणायचा, “मॅडम, ऑटोमॅटिक ना? मुंबईला न्या.” मुंबईला न्यायची म्हणजे कसारा घाट उतरायचा, आणि माझी तेवढी छाती नव्हती. म्हणून मी तीन वर्षं इंजिनचं ऑईल बदलत राहिले आणि गिअरबॉक्सकडे कुणी पाहिलंच नाही.

गाडी उभी करायची तर दोन सीटांमधली दांडी ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर ढकलायची, की चाकं आतून अडकतात, असं डॉक्टरीणबाईंच्या ड्रायव्हरने मला शिकवलं होतं. तिच्या शेजारचा हँडब्रेक घट्ट होता, ओढायला जोर लागायचा. त्यामुळे मी तो सहसा ओढत नसे. हे मी आजही कबूल करते.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी मी आईला घेऊन वणीजवळ मावशीकडे गेले होते. मावशीचं घर मळ्यात, थोड्या चढावर. खाली डाव्या हाताला जुनी विहीर, तिला कठडा नव्हता. मी गाडी चढावर घराकडे तोंड करून उभी केली, दांडी ‘पी’वर नेली, इंजिन बंद केलं. दांडी नेहमीपेक्षा हलकी गेल्यासारखी वाटली, पण मी लक्ष दिलं नाही. आई मागच्या सीटवर मावशीसाठी आणलेल्या पिशव्या गोळा करत होती. मी काठी टेकून उतरले आणि दार लोटलं. जुनी दारं जोरात लोटावी लागतात.

चार पावलं गेले असेन. मागे खडी चुरडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर गाडी मागे निघाली होती, अगदी सावकाश, आणि आई आत मान खाली घालून पिशवीची गाठ बांधत होती.

मला धावता येत नाही. आयुष्यात कधी धावले नाही, आणि त्याचं दुःख मानायचं मी फार पूर्वीच सोडलं होतं. त्या क्षणी मात्र मी काठी टाकली, दोन पावलं टाकली आणि तोंडावर पडले. पडल्या जागेवरून ओरडले, “आई, ब्रेक! मधला दांडा वर ओढ!” आईने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. पुढच्या दोन सीटांमधून हात घालून तिने जे हाताला लागलं ते धरलं. गाडी वेग घेत होती. मागची चाकं विहिरीच्या रोखाने वळत होती. मी डोळे मिटले.

आदळल्याचा आवाज आला तो बसका होता, पाण्याचा नव्हता. द्राक्षबागेसाठी आणून टाकलेल्या शेणखताच्या ढिगात गाडी मागच्या बाजूने घुसली होती. विहीर तिथून दहा फुटांवर असेल.

मावसभाऊ बागेतून पळत आला. त्याने आईला बाहेर काढलं, मग मला उचलून उभं केलं. आई म्हणाली, “काय नाय झालं. पोरीला पानी द्या आधी.”

मावसभावाने गाडीत डोकावून पाहिलं. “ताई, तू गिअर टाकायची इसरली.”

“नाही. मी पीवर टाकली होती.”

“मग गाडी चालली कशी?”

मी कशीबशी गाडीपाशी जाऊन पाहिलं. दांडी पीवरच होती. पण तो म्हणाला, “तुझ्या आईनं हात घातला व्हता ना मधी. तिच्यानंच दांडी पीवर सरकली असंल.” आईला विचारलं तर तिला काही आठवेना. काहीतरी धरलं होतं, एवढंच.

गाडी ढिगातून बाहेर काढल्यावर मी आईला एसटीने पाठवायचं ठरवत होते. तिने ऐकलं नाही, मागे न बसता पुढच्या सीटवर येऊन बसली. वणी ते नाशिक मी चाळीसच्या पुढे गाडी नेली नाही. दिंडोरीच्या चौकात थांबावं लागलं तेव्हा पाय ब्रेकवर होता आणि हँडब्रेकही दोन्ही हातांनी ओढून धरला होता. आई समोर बघत होती.

नंतरचे तीन आठवडे मी गाडीला हात लावला नाही. गाडीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती माझ्या स्वतःच्या डोक्याची होती. मी खरंच पीवर टाकली होती का? रोज सकाळी रिक्षाची वाट बघत असताना तो क्षण पुन्हा उभा करायचे. कधी हात दांडी ढकलताना दिसायचा, कधी दिसायचा नाही. ज्या बाईला असं विसरायला होतं तिने गाडी चालवू नये, असं मावसभाऊ फोनवर म्हणाला. मला ते पटायला लागलं होतं.

आमच्या कॉलनीत दोन गल्ल्या सोडून एक काका राहायचे, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते हायड्रॉलिक्सचं काम करत. आईनेच त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते आले आणि त्यांनी आधीच बजावलं, “मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण तेलाच्या दाबावर चालणाऱ्या वस्तू आयुष्यभर उघडल्यात. बघतो.”

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “चावी फिरवल्यावर कधीकधी गाडी सुरूच होत नव्हती का? दांडी जरा हलवली की मग सुरू?”

दोन महिन्यांपासून तसं होत होतं. मला वाटलं होतं, बॅटरी.

“पी किंवा एनवर, म्हणजे न्यूट्रलवर असल्याशिवाय ती सुरू होत नाही. दांडी पी म्हणत होती, गिअरबॉक्सला ते कळत नव्हतं,” ते म्हणाले. “चला, करून बघू.”

आमच्या गल्लीला थोडा उतार आहे. त्यांनी मागच्या चाकांच्या मागे दोन हातांवर विटा ठेवल्या आणि मला आत बसवलं. दांडी पीवर, इंजिन बंद, पाय ब्रेकवर. “मी सांगितलं की पाय उचला. मी ओरडलो तरच दाबा.” मी म्हणाले, “काका, नको.” ते म्हणाले, “मग उरलेलं आयुष्य विचार करत बसणार का?”

मी पाय उचलला. गाडी जागेवर होती. त्यांनी दार उघडून धाडकन लावलं. आत कट् असा बारीक आवाज झाला आणि गाडी मागे सरकू लागली. विटांवर चाकं टेकली आणि ती थांबली.

“दांडी कुठंय?”

“पीवर.”

“हात लावलात?”

“नाही.”

“परत सांगा.”

“पीवर आहे, काका,” मी म्हणाले आणि मला रडू आलं. आई ओट्यावर उभी होती. ती आत निघून गेली.

काका गाडीखाली गेले. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी कडी असते, ती बिस्किटासारखी भुगा झाली होती. त्यामुळे दांडी पूर्ण सरकायची, गिअरबॉक्स अर्ध्यातच थांबायचा, आणि चाकं अडवणारा दात जेमतेम टेकून राहायचा, दाराच्या धक्क्याने निसटायचा. काकांनी ओळखीच्या लेथवर नायलॉनची कडी करून घेतली. बसवून झाल्यावर त्यांनी गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. लाल असायला हवं ते तेल काळपट होतं आणि त्याला जळका वास येत होता. “एवढ्या वर्षांचं जुनं तेल एकदम बदलू नये म्हणतात,” मी घाबरून म्हणाले. “एकदम कुठं निघतं? अर्धं आतच राहतं,” ते म्हणाले. “थोडं चालवा, मग पुन्हा बदलू.” तसंच केलं. फिल्टर मुंबईहून मागवावा लागला.

पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा आई न बोलावता शेजारी येऊन बसली. मी म्हणाले, “तुला भीती नाही वाटत?”

“वाटती ना. लय वाटती.” ती पट्टा ओढत होती, तो तिला नीट लावता येत नसे. “म्हनून तर आले. एकटी गेली आसतीस तर घरी जास्त वाटली आसती.”

सोमवारी शाळेत गेले. मैदानाच्या भिंतीला लागून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, पीवर टाकली, आणि शिपायाकडून दोन दगड मागून चाकांमागे लावले. पहिल्या तासाला सातवीला काय शिकवलं ते मला आठवत नाही. खिडकीतून गाडी दिसत नव्हती. मधल्या सुट्टीत जिना उतरून खाली गेले आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून, घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिले.