वीस विड्यांची कळ

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात कुणाचं पोट खाली उतरलं, हे डॉक्टरच्या आधी दानम्माला कळायचं. ती काही सुईण नव्हती, विड्या वळायची. पण मांडीवर सूप घेऊन दारात बसलेली असताना समोरून जाणाऱ्या बाईची चाल तिच्या नजरेतून सुटत नसे. माझ्या सुनेला म्हणाली, "आता श्वास मोकळा लागत आसंल, पर कंबर धरून चालतीस. आठ-धा दिवस राहिले बग." नवव्या दिवशी मला नातू झाला. तीस वर्षं बालवाडीत पोरांना शहाणं करणारी मी, तेव्हापासून दानम्माच्या शब्दाबाहेर नव्हते.

कळा मोजायची तिची रीतही निराळी होती. तिचा हात मिनिटाला दोन विड्या वळायचा. दोन कळांच्या मध्ये कधी साठ विड्या होतात, कधी तीस, आणि आडवं झालं की कळा थांबतात, तर त्या खोट्या, खुशाल बसा. विसावर आल्या की पिशवी भरा. दहावर आल्या की रिक्षा बोलवा. मी एकदा तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तर हसली. "वैनी, सेल संपला की तुमचं घड्याळ बंद. माजा हात कुटं बंद पडतो?" बोळातल्या चार पोरी या हिशेबानं वेळेवर दवाखान्यात पोचल्या होत्या, त्यामुळे तिला बोलायची सोय नव्हती.

तिची एकुलती लेक भुवनेश्वरी. नवरा गेल्यावर विड्यांवरच वाढवलेली. अकलूजला दिली होती. जावई मृत्युंजय तिथं दूध डेअरीत कामाला. पहिलं बाळंतपण म्हणून भुवी सातव्या महिन्यात माहेरी आली, आणि आल्या दिवसापासून आईशेजारी सूप घेऊन बसली. "रिकामं बसलं की भ्या वाटतं, काकू," मला म्हणायची. भरल्या दिवसांची पोर तंबाखूत हात घालून बसली आहे, याचं बोळात कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे आज लिहिताना माझी मलाच चीड येते.

त्या मंगळवारी सकाळी भुवीला चिकट स्राव गेला, त्यात रक्ताची छटा. दानम्मा खूश झाली. "सुरू झालं. पैलटकरणीला दीस जातो, घाबरू नको." ते खरंच होतं. मग कंबरेतून निघून पोटाकडे येणाऱ्या कळा सुरू झाल्या. आई पाठमोरी बसून पानं कापत होती आणि लेक विड्या वळत मोजत होती. पन्नास. चाळीस. अकराच्या सुमाराला वीस. दानम्मानं पिशवी भरून दारात ठेवली. त्यानंतर आकडा हलेचना. वीस. परत वीस.

साडेबाराला मी डोकावले. भुवीच्या कपाळावरून घाम गळत होता. "दानम्मा, नेऊन तर दाखवू," मी म्हटलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? अजून वीसच हाय की. आत्ता नेलं तर म्हणतील, घरी जा, पाच मिंटाला कळ आली की या."

"बाळ हलतंय का गं?" मी भुवीला विचारलं.

"सकाळी लई हलत होतं, काकू," ती म्हणाली. मी ते ऐकलं आणि भात लावायला घरी गेले.

एकच्या पुढं तिची किंकाळी ऐकू आली. रिक्षात पाणी गेलं ते हिरवट होतं. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगा झाला. अंगानं भरलेला, डोक्यावर दाट जावळ. तो रडलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कळा किती मिनिटांनी येत होत्या?" दानम्मा म्हणाली, "वीस विड्यांनी."

पाचव्या दिवशी दानम्मानं त्या मंगळवारच्या विड्या जुड्या बांधायला काढल्या. थोड्या वेळानं मला हाक आली. जाऊन पाहते तर ती मोजलेल्या विड्या पुन्हा मोजत होती. एरवी दिवेलागणीला पुरी होणारी भुवीची हजार विडी त्या दिवशी एकच्या आत झाली होती. आतून भुवी म्हणाली, "अव्वा, हात थांबला की जास्त दुखायचं. म्हणून पळवत हुते." कळा जवळ येत गेल्या, तसा पोरीच्या हाताचा वेग वाढत गेला. वीसचे वीसच राहिले. दानम्मानं लेकीसमोर तोंडात मारून घेतलं. मी तिचे हात धरले, पण माझ्या घरातलं घड्याळ त्या दिवशी नीट चालू होतं, हे मला तिला सांगायचं धैर्य झालं नाही. अजून झालेलं नाही.

दोन वर्षांनी भुवीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला ती अकलूजलाच राहिली. दानम्मा रोज फोन करायची, "कधी बी बोलव, पहिल्या यष्टीनं येते" म्हणायची. परवा सकाळी ती माझ्याकडे चहा पीत असताना मृत्युंजयचा फोन आला. मुलगी झाली होती.

"रडली का?" दानम्मानं पहिलं तेच विचारलं. त्यानं फोन बाळाजवळ नेला. रडणं मलासुद्धा ऐकू आलं. दानम्माचे डोळे भरून वाहायला लागले.

"कळा कवा सुरू झाल्या?"

"काल सकाळी, मामी."

"काल? मग मला फोन..."

तो हळूच म्हणाला, "भुवीच नको म्हणाली. सगळं झाल्यावर सांगा म्हणाली."

"बरं केलं," दानम्मा म्हणाली. फोन ठेवला. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. तिच्या जागी मी असते, तर मी बी मला सांगितलं नसतं."