लावणीला थांबू नका

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर होती. आम्ही आठ जण. त्यातले नाईक धोंडू आणि मी, हवालदार, दोघेही तळेघरच्या डोंगरातले, शेजारशेजारच्या वाड्यांमधले.

जूनमध्ये धोंडूची रजा मंजूर झाली. काम एकच. चौथी पास झालेल्या सुमनला, त्याच्या मुलीला, तळेघरच्या आश्रमशाळेत घालायचं. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. आमच्याकडे भाताची लावणी उरकली की मग पोरं शाळेत जातात, कारण खाचरात हात लागतात. तोवर वसतिगृह भरून जातं. धोंडूची बहीण अशीच एक वर्ष घरी राहिली, ती कायमचीच.

तो निघणार त्याच सकाळी वादळ आलं. रेडिओवर कंपनी कमांडर म्हणाले, "रस्ता बंद. कोणीही पोस्ट सोडणार नाही. ओव्हर."

चार दिवस आम्ही एका खोलीत कोंडलेलो. रॉकेलच्या धुरानं थुंकीसुद्धा काळी पडायची. धोंडू भरलेली बॅग मांडीवर घेऊन बसे.

"बांधून ठेव, पळंल ती," मी चिडवायचो. तो हसायचा नाही.

"रविवारी फोनवर सांगतो हौसाला, लावणीला थांबू नको म्हणून," तो म्हणाला. वाडीत रेंज नाही. त्याची बायको, हौसावहिनी, दर रविवारी अकराला कड्यावर चढून आमच्या फोनची वाट बघत.

रविवारी सकाळी ०७१५ ला छपरावरचा बर्फ काढायची पाळी धोंडूची होती. वरच्या उतारावरचा बर्फ सुटला आणि तो त्याखाली गाडला गेला. आम्ही चाळीस मिनिटं खणलं. सापडला तेव्हा श्वास नव्हता.

रेडिओवर ऑर्डर आली. "घरी युनिट कळवेल. बातमी फोनवर द्यायची नाही."

अकराला सॅटेलाइट फोन मी घेतला.

"वहिनी, सुमनला उद्याच शाळंत घाला. लावणीला थांबू नका."

"ते कुठं हायेत? त्यान्ला द्या की."

"ड्युटीवर हाय. त्यानंच सांगितलंय."

"बरं, नेते उद्याच. पर म्हणावं, लावणीला दोन हात कमी पडत्याल."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडलो. बाजूला जाऊन रडायलाही तिथं जागा नव्हती.

वादळ ओसरल्यावर शवपेटीबरोबर मी वाडीवर गेलो. सुमन आश्रमशाळेतून गणवेशातच आली. वहिनींनी मला एवढंच विचारलं, "फोन केला तवा ते व्हते का, भाऊ?"

"नाय," मी म्हणालो. त्यांनी सुमनचा हात घट्ट धरला, पण तेराव्यानंतर तिला परत शाळेत सोडून आल्या.

सुमन आता जुन्नरला कॉलेजात शिकते. मी पेन्शनवर आहे. दर आषाढात धोंडूच्या खाचरात उतरतो आणि संध्याकाळपर्यंत लावणी करतो. वहिनींना दोन हात कमी पडू देत नाही.