पाय नको म्हणतात त्या दिवशी

सगळी गल्ली तिला सोफेवाली म्हणूनच ओळखायची. जुन्या खुर्चीतला फोम उपसून नवा भरावा आणि कापड ताणून कडेला पिना ठोकाव्यात तर तिनेच. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पन्नाशी जवळ आली तेव्हा एकदा आरामखुर्ची जिन्यावरून वर नेताना तिला मधेच टेकावं लागलं. धाप काही केल्या बसेना. त्याच आठवड्यात तिने बूट आणले आणि पळायला लागली.

आधी कोपऱ्यापर्यंत, मग तळ्याला वळसा, मग टेकडीवर जाणाऱ्या मंडळींबरोबर. अंग हलकं झालं, चेहरा खुलला. नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, "माझ्या बसच्या पुढे पळू नकोस म्हणजे मिळवली!" पण तिला वेडच लागलं. सकाळचं पुरेना म्हणून संध्याकाळीही पळणं, वर जिममध्ये वजनं. एक दिवस चुकला तर कमावलेलं सगळं पाण्यात जाईल, अशी धास्तीच तिने घेतली.

आणि मग सगळं उलटं व्हायला लागलं. झोप उडाली, जेवण जाईना, सर्दी मुक्कामाला आली. टेकडीवर कायम मागे राहणारा निवृत्त पोस्टमन आता हात हलवत पुढे निघून जायचा. "मीच कमी पडतेय," म्हणत तिने आणखी जोर लावला.

अशातच एक म्हातारी सोफ्यासाठी कापड निवडायला तिच्या दुकानात आली. हिरवं काढायला लावलं, मग निळं, मग पुन्हा हिरवं. सोफेवाली कडाडली, "घ्यायचंय की नुसतं बघायचंय?"

म्हातारी चालती झाली. मागे फोम कापत बसलेल्या थोरल्या नणंदेने सुरी खाली ठेवली. ही नणंद तरुणपणी पोहण्याच्या स्पर्धा गाजवलेली.

"बस इथे," ती म्हणाली. "अगं, मीही हेच केलं होतं. स्पर्धा जवळ आली की दुप्पट पोहायचे. खांदा कामातून गेला तेव्हा अक्कल आली. ताकद पोहताना येत नाही गं, पोहून आल्यावर आपण झोपतो ना, तेव्हा येते."

"पण वन्सं, थांबले तर कायमचं सुटेल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे."

"सोड कोण म्हणतंय? उठायची वेळ मोडू नकोस. बूटही चढव. पण रोज जीव काढू नकोस."

सोफेवालीने आधी कापडाचे तुकडे घेऊन म्हातारीचं घर गाठलं, माफी मागितली आणि हिरव्यावर शिक्कामोर्तब करूनच परतली. मग आठवडाभर पळणं बंद. सकाळी नणंदेबरोबर तळ्याकाठी रमतगमत फिरायचं, बस्स. पहिले काही दिवस पाय नुसते शिवशिवायचे. मग एका सकाळी नवऱ्याने हलवून उठवलं, तेव्हा तिला कळलं की आपण रात्रभर गाढ झोपलो होतो.

पुढे तिने स्वतःच घडी बसवली. एक दिवस दमेपर्यंत पळायचं, दुसऱ्या दिवशी नुसतं चालायचं. संध्याकाळचं पळणं कायमचं बाद. आणि अंग जड वाटलं तर ठरलेलं असलं तरी माघारी फिरायचं.

एकदा तशीच वेळ आली. आदल्या दिवशी मोठा सोफा उचलून कंबर भरली होती. टेकडीच्या पायथ्याशी सगळे जमले, तेव्हा ती म्हणाली, "आज मी इथूनच परत."

"काय हो, घाबरलात?" पोस्टमनने छेडलं.

"घाबरले असते तर वर आले असते," ती हसून म्हणाली आणि शांतपणे घराकडे वळली. मनाला जराही टोचलं नाही.

पुढच्या खेपेला ती आली ती ताजीतवानी. म्हातारीच्या हिरव्या सोफ्याची कथा पोस्टमनला रंगवून सांगत ती चढ चढायला लागली. अर्ध्यावरच त्याने हात जोडले. "बाई, तुम्ही बोला, पण माझ्याकडे उत्तरं मागू नका. आधी दम खाऊ द्या!"

तिने वेग कमी केला आणि कथा पुढे चालू ठेवली.