आत्याने हसताना तोंडावर पदर धरला

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या या लेखन-गटावर माझी कथा टाकली, तेव्हा तुम्ही लिहिलंत, "मालू अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली." मी हुरळून गेले होते.

पात्राला एखादी ठळक खूण द्यावी, असं तुम्हीच सुचवलं होतं. मी दिली. मिश्रीने काळे पडलेले दात, आणि ते सगळे दाखवत खदाखदा हसणं. खरं तर ते दात माझ्या आत्याचे. मी फक्त नाव बदललं.

आज दुपारी चारकोपला आत्याकडे गेले. आत्येभावाने तिला कथा पाठवली होती.

"ये गो, लेखिका," ती म्हणाली. "वाचली हां. एक वेलांटी चुकलीय तुझी."

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तिनेच शिकवली. चूक तीच काढणार.

मग आत्येभावाने कसलीतरी मस्करी केली आणि आत्या हसली. पण पदर तोंडावर धरून. तिला असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"आत्या, पदर काढ ना गं."

"नको बाय, परत कथेत घालशील!"

ती गमतीतच म्हणाली, पण पदर तसाच राहिला. 

वर्णन खोटं नव्हतं. पण माझा हात धरून अक्षरं गिरवून घेणारी आत्या त्यात कुठेच नव्हती. नुसते दात होते.

घरच्या माणसाचं वर्णन करताना तुम्ही कुठे थांबता? दातांचं ते वाक्य मी मघाशीच कथेतून काढलं. आत्याच्या तोंडावरचा पदर कसा काढू, तेवढं सांगा.