खाटेवरची चौथी

वांग्यांच्या गाडीवरून मी पडले ती अकोल्याच्या भाजीबाजाराच्या थोडं अलीकडे. वांगी शाबूत राहिली, माझी मांडी मोडली. बाप आधी वांगी विकून आला आणि मग मला दवाखान्यात घेऊन गेला, असं आमच्या नात्यात पुढे कितीतरी वर्षं सांगत. ते खोटं आहे. टोपल्या दुसऱ्याच्या हवाली करून त्याने मला खांद्यावर घालून नेलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाला पट्ट्या गुंडाळून दोरी बांधली, ती खाटेच्या टोकाला कप्पीवरून खाली सोडली आणि तिला विटा टांगल्या. हाड सांधेपर्यंत उताणं पडून राहायचं. चौथीची परीक्षा तोंडावर आली होती. ती घ्यायला मध्य प्रांत सरकारचे डिप्टीसाहेब शाळेत येत, आणि वर्षातून एकदाच येत.

बापाचं म्हणणं सरळ होतं. "पास झाली त शीक. नापास झाली त मळ्यात ये. एक वर्ग दोनदा शिकाले आपल्या घरी कोणाले फुरसत हाय?"

मळ्यात आलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मोठ्या बहिणीकडे बघून मला कळलं होतं. एक उन्हाळा खुरपणं, दुसऱ्या उन्हाळ्यात लग्न. मला शाळा हवी होती, आणि त्या भीतीपुढे मांडीचं दुखणं काहीच नव्हतं.

शाळेतल्या बाई संध्याकाळी घरी जाताना शिकवायला येऊ लागल्या. वाचन जमलं. पाटी पोटावर ठेवून लिहिणंही जमलं. घोडं अडलं ते पाढ्यांपाशी. आमच्या शाळेत पाढे डुलत म्हणायची रीत होती, अख्खा वर्ग एका लयीत मागेपुढे. इथे मी जरा हलले की विटा झुलत आणि कळ थेट मस्तकात जाई. न डुलता पाढा बाराच्या पुढे सरकेना.

शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडची एक कास्तकारीण होती, हात मोडलेली. तिला मी मावशी म्हणे. दोन-तीन संध्याकाळी तिने माझं अडखळणं ऐकलं आणि वैतागली.

"काहून अडून राहिली व पोरी?"

"डुलता येत नाही."

"मंग डुलाचं काम माह्याकडं. तू म्हण."

ती खाटेवर मांडी घालून डुलू लागली. तिच्याकडे बघत मी म्हणू लागले आणि पाढे सुटले. हळूहळू समोरच्या खाटाही डुलू लागल्या, मग तोंडानेही साथ देऊ लागल्या. नर्सबाईंनी एकदा दटावलं, "हा दवाखाना आहे, देऊळ नाही." त्यानंतर त्या रोज त्याच वेळी दारात उभ्या दिसत.

बाईंच्या विनंतीवरून डिप्टीसाहेब शाळेची परीक्षा आटोपून वॉर्डात आले. पुण्याकडचे होते, कोटाची सगळी बटणं लावलेले. दाराशी बाप उभा होता. साहेबांनी बाराचा पाढा म्हणायला सांगितला आणि तो सगळ्या वॉर्डाने म्हटला.

साहेबांनी काठी आपटली. "परीक्षा कोणाची आहे?"

"हिची," वॉर्ड एका सुरात म्हणाला.

"आता दुसऱ्या कोणाच्या तोंडून शब्द निघाला, तर ही नापास. हं, सतराचा."

बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. मी सतरा सक एकशे दोनपर्यंत गेले आणि थांबले. पुढचं डोक्यातून पार गेलं होतं. साऱ्या वॉर्डाला उत्तर येत होतं आणि कोणी हूं का चूं करत नव्हतं.

मग मावशी डुलू लागली. तिच्या पलीकडची डुलू लागली. समोरची रांगही. साहेबांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. त्यांनी बंदी शब्दाला घातली होती. मी दाराकडे पाहिलं, तर बापही डुलत होता. त्याला एकही पाढा येत नव्हता आणि त्याची लय सगळ्यांपेक्षा वेगळी होती.

"सतरा साते एकशे एकोणीस," मी म्हटलं, आणि शेवटपर्यंत गेले.

"पास," साहेब म्हणाले आणि टोपी नीट करत निघाले.

बापाने त्यांना दारातच अडवलं. हात जोडले.

"सायेब, पोरीच्या पायाले अजून वेळ हाय. पाचवीची शाळा कोणत्या खाटीवर भरते?"