पियानो मिस यूलांचा, चेहरा दुसरीचा

मिस यूला पेटीग्रूंनी आमच्या काळ्यांच्या वस्तीतल्या, लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या अल्कोना थिएटरात अकरा वर्षं मुक्या सिनेमांना पियानो वाजवला. पडद्यावर घोडे धावले की त्यांची बोटं धावत. कुणी मेलं की बाल्कनीतल्या बायका त्यांच्याच सुरांवर रडत. मग बोलपट आले. मॅनेजर कर्टिसने पियानोवर चादर टाकली आणि म्हणाला, "आता मशीन वाजवतं, मिस यूला." अकरा वर्षांची बोळवण एवढ्यावर! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी अँब्रोज टगल, एका बँडमधला बँजोवाला. त्याच सुमारास आम्हाला दहा मिनिटांच्या एका बोलपटाचं काम आलं, आणि आमचा पियानोवाला न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला. मी मिस यूलांकडे गेलो.

"मशीननेच घालवलं ना मला?" त्या म्हणाल्या. "चल. त्या कर्टिसला एकदा त्याच्याच पडद्यावर दिसते. पियानोसकट."

एवढीच त्यांची हौस. रविवारची जांभळी हॅट घालून आल्या स्टुडिओत.

सकाळी आवाज मेणाच्या तबकडीवर घ्यायचा आणि दुपारी त्याच आवाजावर चित्र, अशी तिथली रीत. मेणावरची चूक पुसता येत नाही. कुणी खोकलं तरी सगळं पहिल्यापासून. मोठ्या ढोलाने सुई उडते म्हणून तो गोधडीत गुंडाळायला लावला. तीन तबकड्या आमच्या चुकांपायी फुकट गेल्या. मिस यूलांचं बोट एकदाही चुकलं नाही. चौथी जमली तेव्हा काचेमागचा गोरा साहेबसुद्धा म्हणाला, "ही बाई कोण?"

जेवणानंतर तोच साहेब त्यांना म्हणाला, "बाई, तुम्ही आता निवांत बसा." आणि पियानोवर त्याने नाचातली एक सडपातळ, उजळ पोरगी बसवली. तिला एक सूर वाजवता येत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा! पण त्या पोरीचं तरी काय, बसवलं तिथे बसली. मिस यूला काळ्या, जाड, पन्नाशीच्या. त्यांचे हात साहेबाला चालले, तोंड चाललं नाही.

"अँब्रोज," त्यांनी विचारलं, "तू काही बोलणार आहेस का?"

आम्ही दहा जण होतो. दहाही जणांनी मूग गिळले. मी बँजो सुरात लावत बसलो. तो आधीच लावलेला होता.

एका शनिवारी दुपारी तो बोलपट अल्कोनात लागला. मिस यूला तिकीट काढून पुढच्या रांगेत बसल्या. "बघू तरी, माझे हात कुणाला लावलेत," म्हणाल्या. मी शेजारी. पोरगी पडद्यावर गोड हसत होती, सुरांच्या मागून हात हलवत होती. मिस यूला तिच्या बोटांकडे बघत होत्या.

आणि फिल्म तुटली. पडदा पांढराफटक. वर मशीनवाला तुकडे गोळा करत होता, आवाजाची वेगळी तबकडी मात्र फिरतच राहिली. नेमका एकट्या पियानोचा भाग चालू होता. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. कर्टिस धावत पुढे आला आणि त्याने पियानोवरची चादर ओढली.

"मिस यूला, देवासारख्या भेटलात! वाजवा काहीतरी. फिल्म तुटली तरी तुम्ही कधी हात थांबवला नाहीत."

खरं होतं ते. मुक्या सिनेमाच्या पियानोवाल्यांचा तो धर्मच. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"वाजवतेच आहे की. कान द्या जरा."

"अहो, चेष्टा नका करू."

"चेष्टा तुम्ही केलीत!" त्या उठल्या आणि लोकांकडे वळल्या. "हा पियानो मी वाजवलाय! यूला पेटीग्रूने!"

शिट्ट्या थांबल्या. बाल्कनीतून एक म्हातारी ओरडली, "माहितेय गं! तुझ्या डाव्या हाताचा ठेका आम्हाला काय नवा आहे?"

"बंद कर ती तबकडी!" कर्टिस वर बघून गरजला.

तेव्हा कुठे मी उभा राहिलो. "बंद करून तर बघ!" माझ्यामागे सगळं थिएटर उठलं. वरच्याची हिंमत झाली नाही. चेहऱ्याविना पियानो शेवटपर्यंत वाजला आणि टाळ्यांनी छत दणाणलं. मी अभिमानाने मिस यूलांकडे बघितलं.

"हे तिथे बोलायचं होतंस, अँब्रोज," त्या म्हणाल्या, आणि टाळ्या चालू असतानाच बाहेर निघून गेल्या.