खंडेनवमीचा पॅच

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून, विजयादशमीच्या या अंकासाठी संपादकांनी मागितलेला एक अनुभव लिहावयास घेतो. प्रसंग संगणकाचा आहे. तरी ज्यांचा संगणकाशी संबंध नाही, त्यांनाही तो कळावा असा प्रयत्न करतो.

"गुरुजी, आज मशीनले हात नाई लावू देनार मी."

वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गल्लीत, आपल्या ऑफिसच्या दारात सुशीलाबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे टेबलावर संगणक होता. मॉनिटरला झेंडूचा हार, की-बोर्डवर हळद-कुंकू, माऊसच्या शेजारी नारळ. ती खंडेनवमीची सकाळ होती. या दिवशी शस्त्रे, अवजारे, यंत्रे पूजेला बसतात; आणि एकदा पूजेला बसलेली वस्तू दसऱ्याचे सीमोल्लंघन होईपर्यंत कोणी वापरीत नाही. हा नियम मी स्वतः जन्मभर पाळला होता. त्या सकाळी तो मोडावा अशी विनंती करण्यासाठी मी चांदा फोर्टहून पहिली गाडी धरून आलो होतो.

असे का झाले, ते सांगतो.

मी ऊर्जानगरला वीज केंद्रात संगणक विभागात नोकरीला होतो. बालपण मात्र संस्कृत पाठशाळेत गेले होते, म्हणून सगळे मला गुरुजीच म्हणत. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा मला पहिल्यापासून लोभ. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री गावाला नाटक हवेच असते. गावकरी वडशाला येतात आणि कंपनीच्या ऑफिसात तारीख ठरवून जातात. या तारखा सांभाळण्यासाठी मी फावल्या वेळात एक सॉफ्टवेअर केले. त्याचे नाव 'नांदी'. गावकऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या सायबर कॅफेतून तारीख पाहावी, बदलावी, अशी त्यात सोय होती. वडशाच्या सात कंपन्या ते वापरीत.

नांदी ओपन सोर्स होते. म्हणजे त्याची घडण इंटरनेटवर सर्वांसाठी उघडी ठेवलेली होती. कोणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी. पाठशाळेत मला विद्या अशीच मिळाली होती. ती दुसऱ्या रीतीने देण्याचे माझ्या मनात आले नाही. या कामात मला साथ होती घुग्घुसच्या प्रज्ञाची. ती तिथल्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असे. बुद्धी तल्लख, बोलणे रोखठोक.

नवमीच्या चार दिवस आधी प्रज्ञाने मला फोन करून एक छिद्र दाखविले. नांदीत बुकिंगचे पान उघडले की वर पत्त्याच्या ओळीत त्या बुकिंगचा क्रमांक दिसे. तो क्रमांक हाताने बदलला की दुसऱ्या गावाचे बुकिंग उघडे. तारीख तुमची आहे का, हे नांदी विचारीतच नसे. कोणाचीही तारीख कोणीही पुसू शकत होता.

अशा वेळी करावयाच्या कामाला सिक्युरिटी रिलीज म्हणतात. त्याची रीत ठरलेली आहे. दुरुस्ती, म्हणजे पॅच, गुपचूप तयार करावयाचा. वापरणाऱ्यांपर्यंत तो पोहोचवावयाचा. सर्वांकडे तो बसला, की मगच छिद्र जाहीर करावयाचे. घडण उघडी असल्यामुळे हा क्रम फार महत्त्वाचा. नाहीतर चोराला भिंतीतली फट आपणच दाखविल्यासारखे होते. आम्ही ठरविले: दसऱ्यानंतर वडशाला जायचे, सातही ठिकाणी पॅच बसवायचा, आणि त्याच सायंकाळी जाहीर करायचे. पाच कंपन्या नांदीची दुसरी आवृत्ती वापरीत, दोन अजून पहिलीवरच होत्या. म्हणून पॅचही दोन करावयाचे होते.

अष्टमीच्या सकाळी माझा पॅच तयार झाला, आणि येथे माझ्या हातून प्रमाद घडला. पाठशाळेत आम्हांला शिकविले होते की, पाठात चूक झाली तर ती सर्व विद्यार्थ्यांसमोर उभे राहून सांगावी. तोच तिचा दंड आणि तीच शुद्धी. नांदीतली प्रत्येक चूक मी याच भावनेने उघड्या भांडारात, म्हणजे इंटरनेटवर ती घडण ठेवलेल्या जागी, लिहून ठेवीत आलो होतो. त्या दिवशीही हात सवयीने चालला. पॅच भांडारात ठेवला आणि खाली सविस्तर लिहिले, की क्रमांक बदलल्यास परक्याचे बुकिंग पुसता येत असे, हा दोष माझा आहे, तो आज दूर केला आहे.

दूर तो केवळ माझ्या प्रतीत झाला होता. सातही कंपन्यांकडे तो जसाच्या तसा होता.

दुपारी प्रज्ञाचा फोन आला. "सर, तुम्ही हे काय लिहून ठेवलं?"

"चूक कबूल केली."

"कबुली नाही सर, पत्ता दिला. नांदीवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर सगळ्यांना ईमेल टाकून एका माणसानं विचारलंसुद्धा, की हे चालू वेबसाइटवरही होतं काय म्हणून."

"मग ते काढून टाकतो."

"काढून काय होते? जुनी प्रत राहतेच तिथं. तुम्हीच शिकवलं मले." रागावली की ती शहरी बोली विसरत असे. मग म्हणाली, "जुन्या आवृत्तीचा पॅच मी आज करते. उद्या पहिल्या गाडीनं वडसा."

फोनवरून काम झाले असते, तर बरे होते. कंपन्यांच्या वेबसाइट दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे एका मोठ्या संगणकावर, अहोरात्र चालू असत; पॅच तिथे चढवावयाचा, तर प्रत्येक मालकाचा पासवर्ड हवा. पासवर्ड कोणालाही, मलासुद्धा सांगू नये, हा नियम माझा. तो ऑफिसच्याच यंत्रावर टाइप करावा, सायबर कॅफेत नव्हे, हाही नियम माझाच. सातही जणांनी तो निष्ठेने पाळला होता.

रजा मागितली तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "गुरुजी, उद्या कंट्रोल रूमची पूजा कोण सांगेल?"

"एक दिवस आपण सांगावी."

"मले फक्त आरती येते."

"आरतीत सर्व काही येते," मी म्हणालो आणि अर्ज पुढे सरकविला.

आता पुन्हा सुशीलाबाईंच्या दारात येतो. बाई बावीस वर्षे रंगमंचावर नायिकेची आणि मग आईची कामे करीत आल्या होत्या. स्वतःची कंपनी काढून मालकीण होण्याचे हे त्यांचे पहिलेच वर्ष. मंडईच्या साऱ्या तारखा त्यांनी नांदीत घेतल्या होत्या. वही ठेवण्याची गरज नाही, असे मीच त्यांना ठासून सांगितले होते. तारखा पुसल्या गेल्या, तर कोणत्या रात्री कोणत्या गावी पडदा उघडायचा हे बाईंना सांगता आले नसते. आणि ज्या गावाच्या मंडईला नाटक पोहोचत नाही, ते गाव त्या कंपनीला पुन्हा बोलावीत नाही.

मी सर्व समजावून सांगितले. दोष माझा आहे, हेही सांगितले.

बाई म्हणाल्या, "मंग उद्या सांजच्याले करा ना. सोनं लुटलं का मोकळं."

"बाई, तोवर कोणी तारखा पुसल्या तर?"

"अन् मी पयल्याच वर्सी पूजा मोडली तं? तुमीच मांगच्या साली सांगतलं, पूजेतली वस्तू हालवू नाई. आता तुमीच हालवून राह्यले?"

माझ्याबरोबर आलेली प्रज्ञा पायरीवर बसून पॅचची सीडी पुशीत होती. ती बौद्ध घरातली; पूजेच्या विधीशी तिचा संबंध नव्हता. तिने सहज विचारले, "सर, गणपती बसवतात, मग दीड दिवसात उठवतातच ना? त्याची काही पद्धत असेल."

पद्धत होती. मला ती लहानपणापासून पाठ होती, आणि मलाच ती सुचली नव्हती. पूजा मोडणे निराळे आणि उत्तरपूजा करणे निराळे. गंधफूल वाहावे, नैवेद्य दाखवावा, अक्षता टाकून देवतेला पुन्हा येण्याची विनंती करून निरोप द्यावा. मग वस्तू वापरावयास मोकळी. आणि काम झाल्यावर पुन्हा पूजा मांडण्यास कोणती हरकत?

मी हे सांगितले. बाईंनी मला निरखून पाहिले. "पुन्हा बसवून द्यान ना, पण? अर्धवट टाकून गाडी धरान तं चालनार नाई."

"पूर्ण करूनच जाईन."

"मंग या आत. चपला भायेर."

मी पाय धुऊन बसलो. उत्तरपूजा केली. बाईंनी हार उतरविला, की-बोर्डवरचे कुंकू पदराने टिपले आणि आमच्याकडे पाठ करावयास लावून पासवर्ड टाइप केला. इंटरनेटसाठी फोनची लाइन लागायला वेळ लागला. पॅच चढविण्यास पाच मिनिटे लागली. प्रज्ञाने सुशीलाबाईंच्याच वेबसाइटवर जाऊन पत्त्यातला क्रमांक बदलला. पडद्यावर अक्षरे आली: 'हे बुकिंग आपले नाही.'

"बस, आता काऊन भ्यावं?" बाई म्हणाल्या आणि खोबऱ्याची वाटीच माझ्या हातात दिली. मग मी पुन्हा पूजा मांडली.

प्रज्ञाने घड्याळ दाखविले. "सर, एका ऑफिसला पन्नास मिनिटं. त्यात पॅच पाच मिनिटांचा. अजून सहा राहिले."

"मंत्र गाळता येत नाहीत, प्रज्ञा."

"गाळा कोण म्हणते? एकदाच म्हणा. बाकीचे सहाही मालक इथंच बोलवा."

आमच्या व्यवसायातही हीच रीत आहे. नवा पॅच प्रथम एकाच ठिकाणी बसवून पाहावा, तो टिकला की बाकी सर्वत्र एकदम. संकल्पात अनेकांचा उच्चार करून विधी करणे शास्त्राला मान्यच आहे. सुशीलाबाई स्वतः गल्लीत निघाल्या. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज. पाच मिनिटांत सहाही मालक हजर झाले.

त्यांतले भास्करभाऊ वयाने आणि हट्टाने सर्वांत वडील. पहिली आवृत्ती सोडण्यास त्यांचा नकार असे. ते म्हणाले, "माह्यं जुनंच हाय. जुन्याले काई होत नाई."

प्रज्ञा म्हणाली, "भाऊ, छिद्र जुन्यातच जन्मलं. नव्यानं ते वारशात घेतलं."

"मंग माह्याकडूनच सुरू करा."

सर्व हसले. मी संकल्प केला, त्यात सहाही यंत्रांचा त्यांच्या मालकांसह उच्चार केला. उत्तरपूजा एकदाच झाली. प्रत्येक मालकाने मूठभर अक्षता घेतल्या आणि आपल्या ऑफिसात जाऊन यंत्रावर टाकल्या. प्रज्ञा सीडी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जात होती आणि मी तिच्यामागे पूजा पुन्हा मांडीत होतो. प्रत्येक ठिकाणी प्रसाद. चौथ्या ऑफिसनंतर ती म्हणाली, "सर, पुढचा पॅच उपासाच्या दिवशी काढू." भास्करभाऊंच्या तालमीतला पेटीवाला दारात बसून वाजवीत होता, आणि दुपारपर्यंत ती गल्ली लग्नघरासारखी झाली होती.

तीन वाजता सातवे ऑफिस झाले. प्रज्ञाने साती वेबसाइटवर क्रमांक बदलून पाहिला. सातांनीही तिला नकार दिला. मग सुशीलाबाईंच्या परवानगीने, त्यांच्या फोन लाइनवर तिने आपला लॅपटॉप जोडून रिलीज जाहीर केले. मेलिंग लिस्टवर विचारणाऱ्या त्या सद्गृहस्थांना मी उत्तर लिहिले: होते, आता नाही, विचारल्याबद्दल आभार.

दसऱ्याच्या सायंकाळी, सीमोल्लंघन झाल्यावर, सुशीलाबाईंकडून सर्व्हरची नोंद मागवून तपासली. पहाटे कोणीतरी क्रमांक बदलून सुशीलाबाईंच्या तारखा उघडण्याचा अकरा वेळा प्रयत्न केला होता. अकराही वेळा त्याला तेच उत्तर मिळाले होते. तो कोण, हे कळले नाही; शोधलेही नाही. बाईंची कंपनी भाऊबीजेनंतर निघाली ती एकही गाव न चुकविता. आरमोरीकडच्या एका मंडईत मी आणि प्रज्ञाने पहिल्या रांगेत बसून त्यांचे नाटक पाहिले.

या प्रसंगातून मी एवढेच शिकलो. चूक सभेत अवश्य सांगावी, पण आधी दुरुस्ती सभेत वाटून झालेली असावी. आणि रिलीजचे वेळापत्रक पंचांग उघडूनच करावे. शुभ मुहूर्त शोधण्यासाठी नव्हे, तर कोणत्या दिवशी लोक यंत्राला हात लावू देणार नाहीत, हे आधी कळावे म्हणून.

हे वाचणाऱ्या आपणांस आणि आपल्या घरातील लहानथोरांस आरोग्य व सद्बुद्धी लाभो. आपल्या घरची यंत्रे चालती राहोत, दारे आपल्याच माणसांना उघडोत, आणि जगदंबेची कृपादृष्टी आपल्या उंबऱ्यावर अखंड राहो.